गाव सुटलं, सवय सुटली नाही

न्यूयॉर्कच्या माँटेफिओरी हॉस्पिटलमध्ये १९४३ साली एक रुग्ण आला. थायरॉइड ग्रंथी वाजवीपेक्षा जास्त काम करू लागली की जे काही होतं, ते सगळं त्याला होत होतं. अशा माणसाची छाती धडधडते, हात थरथरतात, खाल्लेलं अंगी लागत नाही आणि वजन उतरत जातं. निदान सोपं वाटावं असं. अडचण एवढीच की या माणसाला थायरॉइड नव्हतीच. ती बऱ्याच वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया करून काढून टाकलेली होती.

मग अंगात थायरॉइडचं संप्रेरक येत होतं कुठून?

डॉ. सॅम्युएल सीडलिन यांनी शोधलेलं उत्तर अंगावर काटा आणणारं होतं. काढलेल्या ग्रंथीत कॅन्सर होता. शस्त्रक्रियेच्या आधीच तिथल्या काही पेशी निसटल्या होत्या आणि पाठीच्या कण्यात, शरीरात इतरत्र जाऊन रुजल्या होत्या. हाडात बसलेल्या त्या गाठी अजूनही थायरॉइडचंच काम करत होत्या. कुणी सांगितलं नव्हतं, गरजही नव्हती, तरी त्या संप्रेरक बनवतच होत्या.

थायरॉइडचं संप्रेरक आयोडीनशिवाय बनत नाही. म्हणजे या गाठी रक्तातलं आयोडीन ओढून घेत असणार. सीडलिन आणि त्यांचे भौतिकशास्त्रज्ञ सहकारी लिओनिडास मॅरिनेली यांनी रुग्णाला किरणोत्सारी आयोडीन दिलं आणि गायगर काउंटर घेऊन ते अंगात कुठे कुठे जातंय ते तपासलं. ते गाठींमध्ये साठत होतं. गाठींनी ते सवयीनं गोळा केलं आणि त्याच आयोडीनच्या किरणांनी त्या आतून भाजून निघाल्या. रुग्णाची लक्षणं ओसरली. डिसेंबर १९४६मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात हा वृत्तांत छापून आला आणि अंगभर पसरलेल्या कॅन्सरलाही नेमकं गाठता येतं, असं पहिल्यांदा ठामपणे म्हणता आलं.

कोकणातला माणूस मुंबईत कितीही वर्षं राहिला तरी उकड्या तांदळाची पेज विसरत नाही. कॅन्सरच्या पेशींचंही असंच आहे. मूळ अवयव सोडून त्या यकृतात, हाडात, फुप्फुसात कुठेही जाऊन बसल्या, तरी पुष्कळदा माहेरची एखादी सवय सोबत घेऊन जातात. ती सवय ओळखायची आणि तिच्याच वाटेनं किरणोत्सार आत पाठवायचा, ही वैद्यकशास्त्रातल्या अतिशय देखण्या कल्पनांपैकी एक आहे. काही दुर्मीळ कॅन्सर पसरल्यावरही आज आवरता येतात, ते या कल्पनेमुळे.

बाहेरून दिलेला शेक कुठे थांबतो

रेडिएशन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते मोठं यंत्र. रुग्ण टेबलावर झोपतो, यंत्राचं डोकं त्याच्याभोवती फिरतं, दहा-पंधरा मिनिटांत काम संपतं. आपल्याकडे याला कुणी शेक देणं म्हणतं, कुणी लाइट घेणं. लिनियर ॲक्सिलरेटर हे त्या यंत्राचं नाव. त्याची अचूकता आता इतकी वाढली आहे की फुप्फुसातली श्वासाबरोबर हलणारी छोटी गाठही नेमकी टिपता येते.

पसरलेल्या कॅन्सरमध्येही या यंत्राचा उपयोग होतो. हाडात गेलेल्या कॅन्सरच्या वेदनेवर ८ ग्रेचा एकच डोस पुष्कळांना आराम देतो. ग्रे हे शोषलेल्या किरणोत्साराचं माप. आणि गाठी मोजक्याच असतील तर? १९९५ साली शिकागोचे सॅम्युएल हेलमन आणि राल्फ वाइकसेलबाउम यांनी असा विचार मांडला की एका जागी असलेला कॅन्सर आणि सगळीकडे पसरलेला कॅन्सर यांच्या मध्ये आणखी एक अवस्था असते. पसरलाय खरा, पण चार-पाच ठिकाणीच. मग ती ठिकाणं एकेक करून का जाळू नयेत? २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या सेबर-कॉमेट या चाचणीत ९९ रुग्ण होते. नेहमीचेच उपचार घेतलेल्यांचं मध्यक आयुष्य २८ महिने भरलं आणि त्या जोडीला प्रत्येक गाठीवर नेमका जोरदार शेक घेतलेल्यांचं ४१ महिने. चाचणी छोटी होती, तरी डॉक्टरांच्या विचाराची दिशा तिनं बदलली.

पण गाठी चाळीस असतील तर? शंभर असतील, त्यातल्या निम्म्या स्कॅनमध्ये दिसतही नसतील तर? बाहेरून मारा करायचा तर आधी लक्ष्य दिसावं लागतं. सगळ्या अंगावर मारा केला तर गाठींच्या आधी माणूसच संपेल. अशा वेळी किरणांना स्वतःची वाट स्वतः शोधता आली पाहिजे. सीडलिन यांच्या रुग्णात नेमकं हेच घडलं होतं.

‘साधारण आठवडाभर’

त्या आयोडीनमागची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १२ नोव्हेंबर १९३६ रोजी बोस्टनच्या हार्वर्ड मेडिकल स्कूलमध्ये एमआयटीचे अध्यक्ष कार्ल कॉम्प्टन यांचं व्याख्यान होतं. भौतिकशास्त्र वैद्यकाला काय देऊ शकेल, असा विषय. थायरॉइडवर काम करणारे तरुण डॉक्टर सॉल हर्ट्झ श्रोत्यांत बसले होते. त्यांनी विचारलं, आयोडीनला कृत्रिमरीत्या किरणोत्सारी करता येईल का? करता येत होतं. एन्रिको फर्मी यांनी रोममध्ये ते करूनही दाखवलं होतं. पण त्या आयोडीन-१२८चं अर्धायुष्य होतं २५ मिनिटं. दर २५ मिनिटांनी निम्मे अणू संपणार. उपचार करायचा तरी कसा?

तिकडे कॅलिफोर्नियात बर्कलीला जोसेफ हॅमिल्टन हे डॉक्टर याच अडचणीत होते. त्यांनी आपली तक्रार ग्लेन सीबॉर्ग या तरुण रसायनशास्त्रज्ञाच्या कानावर घातली. सीबॉर्ग पुढे आयुष्यभर ही आठवण सांगत. त्यांनी विचारलं, अर्धायुष्य किती हवं? हॅमिल्टन म्हणाले, साधारण आठवडाभर. सीबॉर्ग आणि जॉन लिव्हिंगूड यांनी सायक्लोट्रॉन चालवला आणि १९३८ साली आयोडीन-१३१ मिळालं. अर्धायुष्य, आठ दिवस! निसर्गानं मागणीबरहुकूम वस्तू दिल्याची अशी उदाहरणं विज्ञानात फार नाहीत. पुढे सीबॉर्ग यांच्या आईला थायरॉइडचा विकार झाला, तेव्हा मुलानं शोधलेलं हेच आयोडीन तिच्या उपयोगी पडलं.

१९४१ साली हर्ट्झ यांनी थायरॉइड अतिसक्रिय असलेल्या रुग्णांना किरणोत्सारी आयोडीन द्यायला सुरुवात केली. दोन वर्षांनी सीडलिन यांनी ते कॅन्सरवर वापरलं. युद्ध संपल्यावर अमेरिकेनं आपल्या अणुभट्ट्यांमधून डॉक्टरांना समस्थानिकं द्यायला सुरुवात केली आणि हे औषध जगभर पोचलं. ज्या कारखान्यानं बॉम्बसाठी काम केलं, त्याच कारखान्यातून कॅन्सरचं औषध निघालं.

पण थायरॉइडचं नशीब बलवत्तर. आयोडीनची एवढी हाव दुसऱ्या कुठल्याही अवयवाला नाही. बाकीच्या कॅन्सरचं काय? प्रत्येकाची वेगळी सवय कुणी शोधायची आणि कशी?

१९०७ साली घडलेल्या दोन घटना

१९०७ साली म्युनिकचे सीगफ्रीड ओबर्नडोर्फर यांनी लहान आतड्यातल्या काही विचित्र गाठींचं वर्णन केलं. सूक्ष्मदर्शकाखाली त्या कॅन्सरसारख्या दिसत, वागत मात्र बऱ्याच सावकाश. त्यांनी त्यांना ‘कार्सिनॉइड’ हे नाव दिलं. आज त्या गाठी न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर या मोठ्या कुळात मोडतात. त्याच वर्षी पॅरिसमध्ये जॉर्ज उर्बें यांनी इटर्बियमच्या खनिजातून एक नवं मूलद्रव्य वेगळं केलं. त्याला ल्युटेशियम म्हणतात. म्युनिकची गाठ आणि पॅरिसचा धातू यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. तो जुळायला नव्वदहून अधिक वर्षं जावी लागली.

न्यूरोएंडोक्राइन हा शब्द भारतात घरोघरी पोचला तो मार्च २०१८मध्ये, इरफान खान यांनी आपल्याला हा आजार झाल्याचं स्वतः जाहीर केलं तेव्हा. कित्येकांना तो मेंदूचा आजार वाटला. प्रत्यक्षात या पेशी आतड्यात, जठरात, स्वादुपिंडात, फुप्फुसात, अंगभर विखुरलेल्या असतात. मज्जापेशींसारख्या त्या संदेश ओळखतात आणि ग्रंथींसारखी संप्रेरकं सोडतात. त्यांचा कॅन्सर दुर्मीळ. अमेरिकेच्या नोंदींनुसार १९७३ साली दर लाख लोकांमागे वर्षाला साधारण एकाला तो होई. २०१२ साली हा आकडा सातच्या जवळ पोचला. हातात दुर्बीण आणि स्कॅन आल्यावर पूर्वी न सापडणाऱ्या गाठी सापडू लागल्या, हे या वाढीचं एक मोठं कारण.

या गाठी वर्षानुवर्षं लपून राहतात. आतड्यातली गाठ सेरोटोनिन सोडत असते, पण ते आधी यकृतात जातं आणि यकृत त्याची विल्हेवाट लावतं. माणसाला काही कळत नाही. पेशी यकृतातच जाऊन रुजल्या की मात्र सेरोटोनिन थेट रक्तात मिसळतं. मग चेहरा अचानक लालबुंद होतो, दिवसातून अनेकदा जुलाब होतात, दम लागतो. कुणी पोटाची जुनी तक्रार म्हणतं, बाई पन्नाशीची असेल तर पाळी जाण्याची लक्षणं म्हणून सोडून देतात. खरं निदान होतं तेव्हा पुष्कळांचा आजार आधीच पसरलेला असतो. केमोथेरपी पटापट वाढणाऱ्या पेशींवर तुटून पडते. या संथ पेशींवर तिचा जोर पुष्कळदा चालत नाही.

चुकून सापडलेलं संप्रेरक

१९७०च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये रॉजर गीयमें यांचा गट मेंदूतल्या एका पदार्थाच्या मागावर होता. शरीराची वाढ करणारं संप्रेरक सोडायला लावणारा तो पदार्थ. मेंढ्यांच्या मेंदूंचा लगदा गाळता गाळता त्यांच्या हाती नेमकं उलट काम करणारं रसायन लागलं. वाढीच्या संप्रेरकाला ते थांबवत होतं. १९७३ साली त्याची रचना जाहीर झाली. १४ अमिनो आम्लांची छोटी साखळी, नाव सोमॅटोस्टॅटिन. गीयमें यांना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

सोमॅटोस्टॅटिन शरीराला ‘पुरे आता’ असं सांगतं. हा निरोप घ्यायला न्यूरोएंडोक्राइन पेशींच्या पृष्ठभागावर खास रिसेप्टर असतात, आणि पेशींचा कॅन्सर झाला तरी ते जात नाहीत. उलट बहुतेक गाठींवर त्यांची नुसती गर्दी असते. या पेशींची माहेरची सवय हीच. सोमॅटोस्टॅटिन जवळ आलं की त्या ते धरतात आणि रिसेप्टरसकट पोटात ओढून घेतात.

पण खरं सोमॅटोस्टॅटिन रक्तात दोन-तीन मिनिटांत तुटून जातं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी त्याची आठच अमिनो आम्लांची टिकाऊ नक्कल बनवली. ती म्हणजे ऑक्ट्रिओटाइड. त्याची इंजेक्शनं घेऊन रुग्णांचे जुलाब थांबले, चेहऱ्याची लाली गेली. मग नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला एरिक क्रेनिंग आणि सहकाऱ्यांनी पुढचं पाऊल टाकलं. या नकलेला किरणोत्सारी अणू जोडला तर? १९८९ साली त्यांनी अशा गाठींची चित्रं प्रसिद्ध केली. ज्या गाठी सापडत नव्हत्या, त्या कॅमेऱ्यासमोर उजळून उठल्या. जी गोष्ट गाठीपर्यंत जाऊन तिला उजळवते, तिच्यावरच जास्त जहाल अणू बसवला तर ती गाठीला जाळणार नाही का? रॉटरडॅमनंच २०००च्या सुमारास या कामासाठी ल्युटेशियम-१७७ वापरायला सुरुवात केली. म्युनिकची गाठ आणि पॅरिसचा धातू असे एकत्र आले.

आधी पाहायचं, मग मारायचं

या औषधाचा रेणू तीन भागांचा असतो. एका टोकाला पेशी ओळखणारी अमिनो आम्लांची साखळी. दुसऱ्या टोकाला डोटा नावाचं कड्यासारखं रसायन, धातूचा अणू आत घट्ट धरून ठेवणारं. आणि त्या कड्यात बसलेला किरणोत्सारी धातू. गंमत अशी की धातू बदलला की त्याच रेणूचं काम बदलतं.

कड्यात गॅलियम-६८ बसवलं तर ते पाहण्याच्या कामी येतं. त्याचं अर्धायुष्य ६८ मिनिटं. तो अणू पॉझिट्रॉन सोडतो. पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रतिद्रव्यातला जोडीदार. जवळचा इलेक्ट्रॉन भेटताच दोघंही नाहीसे होतात आणि गॅमा किरणांचे दोन कण नेमके विरुद्ध दिशांना सुटतात. रुग्णाभोवतीचं पेट स्कॅनचं कडं ते दोन्ही एकाच क्षणी टिपतं, दोघांना जोडणारी रेघ काढतं, आणि अशा लाखो रेघांमधून गाठीची जागा ठरते. माणसाच्या पोटात प्रतिद्रव्य नष्ट होतंय आणि त्यातून त्याच्या आजाराचा नकाशा बनतोय! परळच्या किंवा पुण्याच्या रुग्णालयात टेबलावर पडलेल्या माणसाला याची कल्पनाही नसते.

नकाशात गाठी ठळक दिसल्या की त्याच कड्यात ल्युटेशियम-१७७ बसवतात. त्याचं अर्धायुष्य साडेसहा दिवसांहून थोडं जास्त. त्याच्या केंद्रकातल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि एक वेगवान इलेक्ट्रॉन, म्हणजे बीटा कण, बाहेर फेकला जातो. हा कण शरीरात फार तर दोन मिलिमीटर जातो. तेवढ्या अंतरात शंभरावर पेशी येतात. वाटेत सापडणाऱ्या डीएनएच्या धाग्यांना तो तोडतो. रेणू चिकटलेली पेशी माऱ्यात सापडतेच, शेजारची, रिसेप्टर कमी असलेली पेशीही माऱ्यात येते. दोन मिलिमीटरपलीकडच्या निरोगी पेशी मात्र वाचतात. काम संपल्यावर ल्युटेशियमचा अणू हाफ्नियमचा होतो, स्थिर आणि निरुपद्रवी. ल्युटेशियम-१७७ थोडे गॅमा किरणही सोडतं, त्यामुळे औषध खरंच कुठे पोचलं याचं चित्र नंतर काढता येतं. उपचार स्वतःच आपला पुरावा मागे ठेवतो.

एका वेळी साधारण ७.४ गिगाबेकेरल एवढा डोस देतात. म्हणजे दर सेकंदाला ७४० कोटी अणू फुटत असतात. एवढ्या अणूंचं वजन किती भरतं? गणित केलं तर किरणोत्सारी ल्युटेशियम निघतं ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाच्या दुपटीहूनही कमी. डोळ्याला दिसणार नाही एवढा धातू सलाइनमधून हाताच्या शिरेत जातो आणि यकृतातल्या, हाडांतल्या गाठी त्याला हुडकून पोटात घेतात.

ट्रॉम्बे ते परळ

हे औषध बनवून कपाटात ठेवता येत नाही. आज बनवलं की आठवड्यात निम्म्याहून कमी उरतं. म्हणून अणुभट्टी आणि रुग्णालय यांमधलं अंतर महत्त्वाचं ठरतं. या बाबतीत मुंबईचं नशीब चांगलं आहे.

ट्रॉम्बेच्या डोंगराआड १९८५ सालापासून ध्रुव ही अणुभट्टी आहे. ल्युटेशियम-१७६ जास्त प्रमाणात असलेलं ल्युटेशियम तिच्यात ठेवतात. या अणूची न्यूट्रॉन गिळण्याची क्षमता विलक्षण मोठी आहे. एक न्यूट्रॉन गिळला की तो ल्युटेशियम-१७७ होतो. पुढचं शुद्धीकरण आणि पुरवठा भाभा अणुसंशोधन केंद्र आणि वाशीचं बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी, म्हणजे ‘ब्रिट’, यांच्याकडून होतो.

परळला टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या ॲनेक्स इमारतीत भाभा अणुसंशोधन केंद्राचंच रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ सालापासून काम करतंय. थायरॉइडच्या कॅन्सरवर आयोडीन देण्याचा त्यांचा अनुभव दांडगा. पसरलेल्या न्यूरोएंडोक्राइन गाठींवर तिथले डॉक्टर ट्रॉम्बेच्या ल्युटेशियमनं उपचार करतात. अमेरिकेनं हे औषध जानेवारी २०१८मध्ये मंजूर केलं. परळच्या रुग्णांना ते त्याच्या कितीतरी आधीपासून मिळत होतं. टाटाच्या फुटपाथवर ताटकळणारी गर्दी आपल्याला माहीत असते. त्याच आवारात जगातल्या मोजक्या ठिकाणी रुजलेलं हे शास्त्र रोजच्या कामासारखं चालतं, हे ठाऊक नसतं.

आकडे काय सांगतात

आश्चर्याच्या भरात हिशेब विसरता कामा नये. नेटर-१ या चाचणीचे निष्कर्ष २०१७च्या जानेवारीत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. आतड्यातून पसरलेला आजार असलेले २२९ रुग्ण होते. अर्ध्यांना ल्युटेशियमचे चार डोस, आठ-आठ आठवड्यांच्या अंतरानं. उरलेल्यांना नुसत्या ऑक्ट्रिओटाइडचा वाढीव डोस. २० महिन्यांनी ल्युटेशियम घेतलेल्यांपैकी ६५ टक्क्यांचा आजार पुढे सरकलेला नव्हता. दुसऱ्या गटात हे प्रमाण ११ टक्क्यांच्या आत होतं.

आता दुसरी बाजू. गाठी ठळकपणे आक्रसल्या त्या १८ टक्के रुग्णांमध्येच. अनेक वर्षांनी आयुष्याचा हिशेब केला तेव्हा ल्युटेशियमच्या गटाचं मध्यक आयुष्य ४८ महिने आणि दुसऱ्या गटाचं ३६ महिने निघालं, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो फरक उतरला नाही. दुसऱ्या गटातल्या पुष्कळांनी नंतर हेच औषध घेतलं, हे त्याचं एक कारण असावं. म्हणजे हा उपचार बहुतेकांना बरं करत नाही, तो आजाराला आवरून धरतो. संथ आजारात आवरून धरलेली दोन-तीन वर्षं ही लहान गोष्ट नसते. २०२४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या नेटर-२ चाचणीत जरा जास्त वेगानं वाढणाऱ्या गाठींवर सुरुवातीलाच ल्युटेशियम दिलं, तेव्हा आजार थोपवून धरण्याचा मध्यक काळ साडेआठ महिन्यांवरून जवळपास २३ महिन्यांवर गेला.

किंमतही मोजावी लागते. औषधाचा छोटा रेणू मूत्रपिंडात गाळला जातो आणि तिथे परत शोषला जातो. मूत्रपिंड भाजू नये म्हणून सोबत लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांचं सलाइन काही तास चालवतात. मूत्रपिंड ती शोषण्यात गुंतलं की औषध लघवीवाटे निघून जातं. या सलाइननं मळमळतं, उलट्या होतात. रक्तातल्या पेशी काही काळ घटतात. शंभरात दोघांना पुढे अस्थिमज्जेचा गंभीर आजार होऊ शकतो. रुग्ण काही दिवस स्वतःच किरणांचा उगम असतो, म्हणून लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना जवळ घ्यायचं नाही, स्वच्छतागृह नीट धुवायचं, ही पथ्यं पाळावी लागतात.

सवय मोडलेल्या पेशी

या उपचाराची खरी मर्यादा त्याच्या मूळ कल्पनेतच आहे. पेशींनी सवय सोडली की किरणांची वाट बंद होते. थायरॉइडच्या काही गाठी कालांतरानं आयोडीन घेणं थांबवतात. न्यूरोएंडोक्राइन पेशी बिथरल्या, भराभर वाढू लागल्या की त्यांचे सोमॅटोस्टॅटिनचे रिसेप्टर कमी होत जातात. आपलं मूळ काम विसरलेल्या या पेशी साखर मात्र अधाशासारखी खातात. म्हणून डॉक्टर कधी कधी दोन पेट स्कॅन करतात, एक गॅलियमचा आणि एक किरणोत्सारी साखरेचा. गॅलियमवर उजळणाऱ्या गाठी अजून ओळख ठेवून आहेत. नुसत्या साखरेवर उजळणाऱ्या गाठींना ल्युटेशियम पकडू शकणार नाही, तिथे पुष्कळदा केमोथेरपी लागते. एकाच माणसाच्या यकृतात दोन्ही प्रकारच्या गाठी शेजारी शेजारी असू शकतात.

सवयीही काही एकाच तऱ्हेच्या नसतात. ॲड्रिनल ग्रंथीतून निघणारा फिओक्रोमोसायटोमा आणि लहान मुलांमधला न्यूरोब्लास्टोमा या दोन्ही दुर्मीळ कॅन्सरच्या पेशी नॉरॲड्रिनॅलिन आत ओढतात. त्याच्यासारखा दिसणारा एमआयबीजी हा रेणू मिशिगन विद्यापीठात बनला आणि त्याला आयोडीन-१३१ जोडून १९८०च्या दशकापासून या आजारांवर वापरलं जातंय. प्रोस्टेटच्या कॅन्सरची वेगळीच खूण सापडली आणि तिथेही आता ल्युटेशियम पोचलंय. थोड्यांच्या आजारावर शिकलेली युक्ती लाखोंच्या कामी आली.

बीटा कण पुरे पडत नसतील तिथे अल्फा कण वापरून पाहत आहेत. ॲक्टिनियम-२२५चं अर्धायुष्य दहा दिवसांच्या आसपास. त्याचा एक अणू आणि त्याचे वंशज मिळून चार अल्फा कण सोडतात. अल्फा कण जड असतो, मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकंही अंतर जात नाही, पण जाईल तिथला डीएनए असा तोडतो की पेशीला तो सांधता येत नाही. ल्युटेशियम आधी घेतलेल्या न्यूरोएंडोक्राइन रुग्णांवर दिल्लीच्या एम्सनं हा उपचार केला आणि त्याचे पहिले निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध केले. अडचण पुरवठ्याची. ॲक्टिनियम-२२५ जगात अत्यंत कमी बनतं.

रिपोर्ट हातात आला तर

आपल्याकडे ‘चौथी स्टेज’ हे शब्द ऐकले की घरात रडारड सुरू होते. कुणी गावठी औषधाचा पत्ता देतं, कुणी म्हणतं आता त्रास कशाला द्यायचा. बऱ्याच कॅन्सरमध्ये चौथी स्टेज गंभीरच असते. पण आजार किती पसरलाय, एवढ्यावरून सगळं ठरत नाही. पसरलेल्या पेशी कोण आहेत आणि आपली मूळ ओळख त्यांनी किती राखली आहे, यावरही पुष्कळ ठरतं.

म्हणून बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये न्यूरोएंडोक्राइन हा शब्द दिसला तर डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारा. गाठीचा ग्रेड कोणता आणि केआय-६७ किती टक्के आहे? पेशी किती वेगानं वाढतायत ते यावरून कळतं. गॅलियम-६८चा डोटा पेट स्कॅन करायचा का, आणि त्यात गाठी उजळतात का? आणि शल्यविशारद, कॅन्सरतज्ज्ञ आणि न्यूक्लियर मेडिसिनचे डॉक्टर यांनी एकत्र बसून ही केस पाहिली आहे का? हा आजार दुर्मीळ आहे, कित्येक चांगल्या डॉक्टरांनी वर्षाकाठी त्याचे एक-दोनच रुग्ण पाहिलेले असतात. त्यामुळे अनुभवी केंद्राचं दुसरं मत घेण्यात कुणाचा अपमान होत नाही. ल्युटेशियमचा उपचार प्रत्येकाला लागू पडत नाही, पण तो लागू पडतो की नाही हे एका स्कॅनवरून बरंचसं कळतं. तो स्कॅन झाल्याशिवाय ‘आता काही करता येणार नाही’ हे वाक्य मान्य करू नका.